करंट तुटतो तेव्हा ठिणगी पडते

बाबांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा पॉइंट, म्हणजे इंजिन फिरताना सतत उघडझाप करणारा छोटा स्विच, घासायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं. डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट त्यातच असतो) कॅप काढायची, पॉलिश पेपरने दोन्ही टोकं पुसायची, मग फिलर गेज घालून गॅप बघायचा, साधारण ०.४ मिमी, गेजची पट्टी जराशी अडकत बाहेर आली की बाबा म्हणायचे "बास, आता सेल्फ मार". मला वाटायचं पॉइंट टेकला की ठिणगी पडते. आहे बरोब्बर उलटं!

ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती कॉइल. तिच्यात दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेची थोड्या वेढ्यांची, दुसरी केसासारख्या तारेची हजारो वेढ्यांची. जाड तारेतून बॅटरीचा करंट वाहत असतो तोवर काहीच घडत नाही, फक्त चुंबकीय क्षेत्र साठतं, आणि तो करंट एकदम तोडला की ते क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत २०-३० हजार व्होल्ट उसळतात, तेच सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटवणाऱ्या प्लगच्या फटीतून उडी मारतात. म्हणजे खरं काम तोडायचं, आणि जितकं झटकन तोडाल तितकी ठिणगी तगडी.

पॉइंट हे करताना दर वेळी कणभर जळायचा. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) सेकंदाला १०० ठिणग्या मागतं, कसा टिकणार बिचारा? त्याच्या जागी ट्रान्झिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच आला, हीच इलेक्ट्रॉनिक इग्निशन. अमेरिकेत क्रायस्लरने १९७३ च्या मॉडेलपासून पेट्रोल गाड्यांना ती सरसकट दिली.

आता कधी तोडायचं हे क्रँक सेन्सर सांगतो (क्रँक म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा दांडा). क्रँकवरच्या दातेरी चाकाला बऱ्याच गाड्यांत ६० दातांची जागा असते पण दात ५८च, ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, पिस्टन कुठे आहे ते कळतं. पेट्रोल जळायला वेळ लागतो म्हणून पिस्टन वर पोचायच्या जरा आधीच ठिणगी टाकतात, आणि किती आधी ते ईसीयू स्पीड आणि लोड बघून दर वेळी ठरवतो, ही गोष्ट मला फार म्हणजे फार आवडते.

गेल्या मे महिन्यात खंबाटकी चढून गेल्यावर चहाला थांबलो आणि नंतर गाडी चालूच होईना. सेल्फ जोरात फिरतोय, पण आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नाही. म्हणजे ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नव्हतं. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं, तापलेला क्रँक सेन्सर गार झाला, गाडी चालू झाली, आणि साताऱ्यात पोचल्यावर सगळ्यात आधी तो बदलून घेतला.