पोटरीतला गोळा आणि घोट्याचं बीपी

करी रोडहून लोकलने सीएसएमटी, तिथून डी. एन. रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौक, आणि पुढे चर्चगेटच्या बाजूला ऑफिस. स्टेशनापासूनचा हा रस्ता मी २८ वर्षं पायी तुडवतोय. मागच्या दिवाळीच्या सुमारास उजव्या पोटरीत गोळा यायला लागला. रोज साधारण त्याच अंतरावर यायचा. दोन मिनिटं उभं राहिलं की जायचा, आणि पुन्हा तेवढंच चाललं की परत हजर. मी घड्याळं विकणाऱ्या फेरीवाल्यापाशी थांबायचो, पुढे फुटपाथवरच्या पुस्तकांपाशी. घरी मात्र काही बोललो नाही. वय ५८, १२ वर्षांची शुगर आणि तरुणपणापासून सिगारेट. पाय दुखणारच, असं मीच ठरवून टाकलं होतं.

शेवटी बायकोच्या लक्षात आलं. करी रोडचा जिना चढताना मी मध्येच कठड्याला धरून उभा राहिलो, तेव्हा ती म्हणाली, "अहो, हे काही थकल्यासारखं दिसत नाही."

ओळखीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'दोन्ही पायांचं डॉपलर'. एवढंच. जवळच्या सेंटरवर रक्ताचा प्रवाह दाखवणारी ती सोनोग्राफी झाली, पैसे भरले, रिपोर्ट आला : नॉर्मल, कुठेही गुठळी नाही. आम्ही पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले होते. गोळा मात्र येतच राहिला.

पुढच्या महिन्यात परळच्या पालिका रुग्णालयात केसपेपर काढला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तो रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, "काका, हे शिरांचं डॉपलर आहे. तुमचा प्रश्न धमन्यांचा वाटतो." पायाच्या डॉपलरचे दोन प्रकार असतात, हे मला तेव्हा कळलं. शिरा रक्त हृदयाकडे परत नेतात आणि त्यांत गुठळी शोधतात. धमन्या रक्त पायाकडे आणतात आणि त्या अरुंद झाल्यात का, ते वेगळं पाहावं लागतं. चिठ्ठीवर 'धमन्यांचं' हा एक शब्द नव्हता, त्यात माझा एक महिना गेला. ह्याचा मला अजूनही राग येतो, कारण त्या महिनाभर मी 'नॉर्मल' आहे असं समजून सिगारेट ओढत होतो.

बाईंनी आधी मशीनवर पाठवलंच नाही. १० मिनिटं उताणं पडून राहायला सांगितलं. मग दोन्ही दंडांना पट्टा बांधून बीपी घेतलं, आणि तसाच पट्टा घोट्याच्या वर बांधला. स्टेथोस्कोपऐवजी हातात पेनाएवढी डॉपलरची कांडी. घोट्याच्या आतल्या हाडामागे गार जेल लावून ती टेकवली आणि खोलीत माझ्याच रक्ताचा आवाज घुमला, फुस्स... फुस्स... पट्टा फुगला की बंद, सैल होताना जिथे परत सुरू होतो तो आकडा. पावलाच्या वरच्या बाजूलाही तसंच. घोट्यातला मोठा आकडा घ्यायचा आणि दंडाच्या मोठ्या आकड्याने भागायचं. माझा दंड १४२, डावा घोटा १३८, उजवा ११०. म्हणजे डावीकडे ०.९७, उजवीकडे ०.७७. एकच्या आसपास असेल तर ठीक, ०.९० किंवा त्याखाली असेल तर पायाच्या धमनीत अडथळा. सुई नाही, उपाशी राहणं नाही, दुखणं नाही. शुगरवाल्यांच्या धमन्या कधी कधी इतक्या कडक होतात की पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा फसवा, मोठा येतो. १.४०च्या वर गेला तर मग पायाच्या अंगठ्याचं बीपी घेतात, हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

मग धमन्यांचं डॉपलर. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी १९९४च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफीच्या खोलीबाहेर असते, तीच वाचत बाकावर दीड तास बसलो. आत अर्धा-पाऊण तास लागला. जांघेपासून घोट्यापर्यंत प्रोब सरकत होता. पडद्यावर लाल-निळं बघून मी विचारलं, लाल म्हणजे धमनी का? नाही, रक्त प्रोबकडे येतंय की दूर जातंय, त्यावरून रंग. करी रोडला न थांबणारी फास्ट लोकल येताना भोंगा चढा लागतो आणि पुढे गेली की उतरतो, तेच तत्त्व. ख्रिस्तियन डॉपलर यांनी ते १८४२ साली मांडलं. धमनी जिथे अरुंद होते तिथे रक्त जोरात पळतं, आणि वेग आधीच्या जागेच्या दुप्पट झाला की निम्म्याहून जास्त वाट बुजलेली समजतात. माझी ती जागा मांडीच्या खालच्या भागात, गुडघ्याच्या जरा वर निघाली.

ऑपरेशन नाही, असं ऐकल्यावर बायको पहिल्यांदा रडली. पण बाई गंभीरच होत्या. पायाच्या धमनीत चरबीचा थर बसला असेल तर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही त्याच घरातल्या, असं त्या म्हणाल्या. सिगारेट त्याच दिवशी बंद, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू, रोज रात्री तळपाय बघायचे. आणि चालायचं : गोळा येईपर्यंत चाला, थांबा, ओसरला की पुन्हा चाला, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस. ज्या दुखण्याला घाबरून मी चालणं कमी केलं होतं, त्याच्यावरचं औषध चालणंच होतं.

आता १४ आठवडे झाले. घड्याळवाल्यापाशी थांबावं लागत नाही. पहिला गोळा येतो तो थेट हुतात्मा चौकात.

परवा लालबागला थोरल्या भावाकडे गेलो होतो. तो ६६ वर्षांचा, तंबाखू अजून सुटलेली नाही. बाजारातून येताना दोनदा थांबला, पोटरी चोळत म्हणाला, "वय झालं रे." मी त्याच्या केसपेपरसाठी मंगळवार ठरवलाय. चिठ्ठीवर 'धमन्यांचं' लिहिलंय का, ते मी स्वतः वाचून घेणार आहे.