गॅस कटरचा कंपास: आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात जे बनतं, त्याला बिलावर ‘सर्कल कटिंग अटॅचमेंट’ असं भारदस्त नाव आहे. गाळ्यात मात्र सगळे त्याला कंपासच म्हणतात. गॅस कटरने प्लेटमधून गोल कापायचा, तर नोझल धरणारी एक कॉलर, सेंटरला टेकणारी एक पिन आणि दोघांना जोडणारी सळई. वस्तू एवढीच. त्यामुळे आमची खरी स्पर्धा दुसऱ्या कुठल्या कंपनीशी नाही. कटिंगवाला बोल्ट, सळई आणि पाइपचा तुकडा घेऊन जेवणाच्या सुट्टीत स्वतःच जो कंपास करतो, त्याच्याशी आहे. तो फुकट असतो आणि बऱ्याचदा चांगलाही असतो. धंद्याची सुरुवातही अशाच एका घरगुती कंपासापासून झाली.

2009 मध्ये आम्ही दोघा भावांनी गाळा भाड्याने घेतला तेव्हा काम होतं साध्या फॅब्रिकेशनचं: बेस प्लेट, टाक्या, कंपन्यांच्या ट्रॉल्या. दादा वेल्डिंग बघायचा, मी बाहेरची धावपळ आणि उधारीची वसुली. कटिंगला एक मामा होते, मोठ्या कारखान्यातून निवृत्त होऊन आलेले. त्यांच्या पेटीत त्यांचा स्वतःचा कंपास असायचा. अर्ध्या इंची बोल्ट ग्राइंडरवर घासून केलेलं टोक, ब्राइट बारची सळई, पाइप कापून केलेली कॉलर आणि आवळायला विंग नट. शेजारच्या गाळ्यांतले लोक तो मागून न्यायचे आणि परत आणून द्यायचे विसरायचे. रोज कुणाच्या तरी दारात जाऊन मागत बसण्यापेक्षा दादाने लेथवरून आणखी काही करून आणले. मग कुणीतरी विचारलं, याचे किती घेणार? पहिली विक्री अशी झाली.

लोकांना वाटतं, गॅस कटिंग म्हणजे लोखंड वितळवून कापायचं. तसं नाही, लोखंड जाळायचं असतं. ज्योतीने प्लेट साधारण 900 अंशांपर्यंत लालभडक तापवायची आणि मग लिव्हर दाबून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडायचा. तापलेलं लोखंड त्या झोतात जळतं आणि जळून झालेलं ऑक्साइड लोखंडाच्या आधी वितळतं, म्हणून झोताबरोबर खाली उडून जातं. स्टेनलेसमध्ये नेमकं उलट होतं. क्रोमियमचं ऑक्साइड सहजी वितळत नाही, ते झाकणासारखं बसून राहतं. ‘तुमच्या कंपासाने एसएस कापेल का?’ असे फोन अजून येतात. कंपासाने काहीच कापत नाही हो, कापतो तो कटर, आणि तोसुद्धा एसएस कापत नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे वेग. जळण्याला स्वतःची एक चाल असते. 12 एमएम प्लेटला हाताने मिनिटाला साधारण 400 ते 450 एमएम. त्यापेक्षा हात रेंगाळला की वरची कड वितळून गोलसर होते आणि खाली स्लॅग, म्हणजे जळलेल्या लोखंडाचा मळ, चिकटतो. हात पळाला की झोत मागे रेलतो, खालची बाजू सुटत नाही. 300 एमएमच्या गोलाचा घेर 942 एमएम, म्हणजे दोन मिनिटांहून जास्त वेळ हात एकाच चालीने, एकाच उंचीवर आणि सतत वळत राहायला हवा. त्यात होजचं, म्हणजे गॅसच्या रबरी नळ्यांचं, वजन मनगट ओढत असतं. सरळ कापायला पट्टी ठेवता येते. गोलाला काहीजण पाइपची रिंग ठेवतात, पण मग प्रत्येक मापाला वेगळी रिंग लागते.

मामांच्या कंपासात एक बारकावा होता, जो आम्हाला बऱ्याच उशिरा नीट उमगला. त्यांनी कॉलर नोझलच्या नटावर घट्ट आवळलेली नसायची. नट कॉलरमध्ये फिरेल एवढीच जागा ठेवलेली असायची. त्यामुळे टॉर्चचा, म्हणजे कटरचा, दांडा आपल्याच बाजूला राहतो आणि नोझल तेवढं गोल फिरतं. कॉलर घट्ट असली तर दांडाही बरोबर फिरतो, होज सळईला गुंडाळते, अर्ध्यावर लिव्हर सोडून पकड बदलावी लागते आणि जिथे थांबलात तिथे खाच पडते. पण हीच जागा जास्त झाली की नोझल खडखडतं आणि कड नागमोडी येते. लेथवरच्या त्या दोन-तीन दशांश एमएमसाठी गिऱ्हाईक आम्हाला पैसे देतं, बाकी सगळं त्याच्या भंगारात पडलेलंच असतं.

त्यानंतर आलं चाकांचं. नोझलच्या आतल्या ज्योतीची टोकं प्लेटपासून दोन-तीन एमएम वर राहायला हवीत, ते काम चाकं करतात. आम्ही 608 नंबरचं बेअरिंग वापरतो, स्केटच्या चाकात असतं तेच. घरी करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: रबर सील असलेलं घेऊ नका, पत्र्याचं शील्ड असलेलं घ्या. रबर दोन जॉबमध्ये जळतं. आणि चाक जड झालं म्हणून त्यावर ऑइल सोडू नका. ऑक्सिजनच्या जोडणीजवळ तेल-ग्रीस म्हणजे आगीला आमंत्रण. आमची चाकं कोरडीच फिरतात, आवाज करतात, करू देत.

सर्वात जास्त डोकं खाल्लं ते सेंटरने. चकती कापायची असेल तर प्रश्न नाही: पिन चकतीवर, चकती तुमच्या कामाची, पंचाचा डॉट राहिला तरी चालतो. भोक पाडायचं असेल तर मात्र पिन ज्या तुकड्यावर टेकलेली असते तोच तुकडा शेवटी खाली पडतो. शेवटचे दहा-पंधरा एमएम उरले की तो झुकायला लागतो, पिन सरकते आणि गोल नेमका जिथे मिळायचा तिथेच चुकतो. बहुतेक कटिंगवाले शेवटी एक टाका ठेवतात, कंपास काढतात आणि टाका नुसत्या हाताने तोडतात. हे ठीक आहे, पण मग ग्राइंडर मारावा लागतो. आम्ही त्यावर पूल केला: भोकाच्या वरून आडवी जाणारी पट्टी, दोन्ही पाय गोलाच्या बाहेर, आणि पिन त्या पट्टीत. मधला तुकडा खुशाल पडू दे. प्लेटला आधीच मध्ये भोक असेल आणि तेच मोठं करायचं असेल, तरीही हाच पूल कामाला येतो, कारण तिथे पिन टेकवायला लोखंडच नसतं.

उभ्या टाकीवर किंवा उभारलेल्या स्ट्रक्चरवर पिन टेकवून धरायची कुणी? म्हणून मॅग्नेटचा बेस. पहिले बेस आम्ही जुन्या बाजारातून आणलेल्या स्पीकरच्या मॅग्नेटचे केले. बुधवारी किंवा रविवारी गेलं की फुटक्या स्पीकरचा ढीग मिळायचा, आणि त्या रिंगला मधे भोक आयतंच असतं, पिन बसवायला. पुढे एका सप्लायरने निओडायमियम घ्या म्हणून गळ घातली, लहान आणि जोरकस. जोरकस खरा, पण साधा निओडायमियम 80 अंशांच्या पुढे ताकद गमवायला लागतो आणि कटिंगच्या प्लेटला 80 अंश म्हणजे काहीच नाही. स्पीकरमधला फेराइट 250 अंशांपर्यंत टिकतो. बोजड दिसतो, ग्राहक नाक मुरडतात, पण आम्ही फेराइटवरच आहोत.

सळईवर माप कोरायला लागलो तेव्हा नवीच भानगड उभी राहिली. लोक माप लावायचे, कापायचे आणि फोन करायचे की दोन एमएमचा फरक येतो. फरक येणारच, कारण ज्योत जाते तिथलं लोखंड जळून गेलेलं असतं. 12 एमएम प्लेटला ती चीर साधारण दोन एमएमची. उदाहरण घ्या: आठ इंची पाइप. तो आठ इंच नसतोच, बाहेरून 219.1 एमएम असतो. त्यावर सरकणाऱ्या फ्लँजला, म्हणजे पाइप जोडायच्या गोल चकतीला, साधारण 222 एमएमचं भोक लागतं. त्रिज्या 111, त्यातून चिरेचा अर्धा भाग वजा, म्हणजे कंपास 110 वर लावायचा. चकती कापताना तोच एक एमएम मिळवायचा. आता हे आम्ही डब्यावरच छापतो. आणि छिद्र पाडून सुरुवात नेहमी टाकाऊ बाजूला करायची, भोकाला आतून, चकतीला बाहेरून, मग रेषेवर यायचं. पहिल्या छिद्राचा ओबडधोबडपणा भंगारात गेला पाहिजे.

मधल्या काळात भोसरी-चाकण पट्ट्यात सीएनसी प्रोफाइल कटिंग आणि लेझरची दुकानं उभी राहिली. ड्रॉइंग मेल केलं की संध्याकाळी चकत्या तयार. आमचं कटिंगचं जॉबवर्क त्यात बुडालं, याचं मला फार वाईट वाटत नाही. पन्नास चकत्या हाताने कापणं हा काही आनंदाचा भाग नव्हता. कंपास मात्र वाढला. कारण लेझरच्या बेडवर नवी प्लेट चढते, उभी असलेली टाकी चढत नाही. आमचा मोठा ग्राहक आज साखर कारखाना आहे. गळीत हंगाम संपला की दुरुस्त्या निघतात, जुन्या लाइनी बदलतात, टाक्यांना नवीन भोकं पाडायची असतात, आणि तीसुद्धा उंचावर, मचाणावर उभं राहून. त्यामुळे आमची दिवाळी मे-जूनमध्ये असते. ऑक्टोबरनंतर कारखाने पेटले की फोन थंड.

एप्रिल 2021 मात्र वेगळाच होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत केंद्र सरकारने मोजके उद्योग सोडून बाकीच्यांचा ऑक्सिजन बंद केला. तो दवाखान्यांना जायला हवा होता, त्यात वादच नव्हता. कंपास विकायला होते, पण ज्याच्या शेडमध्ये ऑक्सिजनच नाही तो कंपास घेऊन काय करणार? त्या रिकाम्या आठवड्यांत दादा प्लाझ्माच्या, म्हणजे विजेच्या झोताने कापणाऱ्या, टॉर्चसाठी कॉलर करत बसला.

प्लाझ्माची कॉलर आता बरी चालते, पण तिथे दिशेला महत्त्व आहे. प्लाझ्माचा झोत पीळ घेत बाहेर पडतो, म्हणून टॉर्च पुढे जाताना उजवीकडची कड काटकोनात येते आणि डावीकडची तिरपी. चकती कापताना घड्याळाच्या दिशेने जा, भोक पाडताना उलट. आमच्याकडून कंपास घेऊन ‘कड तिरपी येते’ म्हणणारे बहुतेक जण उलटे फिरत असतात.

आमची नक्कलही होते. दोन गल्ल्या सोडून एकजण हुबेहूब आमचाच पूल विकतो, स्वस्त विकतो. दादा चिडतो, मी चिडत नाही. मामांच्या पेटीतला कंपास आम्ही तरी कुणाला विचारून उचलला होता? खंडेनवमीला लेथच्या आधी त्या बोल्टला हळद-कुंकू लागतं, एवढीच काय ती रॉयल्टी. ज्याला घरी करायचाय त्याला मी कॉलरचं माप आणि ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवतो. त्यातले बरेच जण पुढे पूल आणि मॅग्नेटचा बेस घ्यायला येतात, काही येत नाहीत.

ऑर्डर देताना टॉर्चचा नुसता फोटो पाठवू नका. नोझलच्या नटाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने दोन ठिकाणी मोजून कळवा, जुने नट झिजून लंबगोल झालेले असतात. डीए (ॲसिटिलीन गॅस) वापरता की एलपीजी तेही सांगा, नोझल वेगळं असतं आणि उंची त्याप्रमाणे लावून देतो. गुरुवारी गाळा बंद असतो.