आवाज येणारी खोली

शाळेतली सुरक्षा ड्रिल संपली की आमच्या गावचा पोलीस अधिकारी प्रत्येक खोलीपुढे काय दिसलं ते लिहून देतो. शरद ऋतूतल्या एका ड्रिलनंतर माझ्या खोलीपुढे लिहून आलं: दार बंद, दिवे बंद, काचेवर पडदा, मुलं दिसत नाहीत, आवाज येतो. पाचांत चार म्हणजे वाईट नाही, असं प्रिन्सिपल म्हणाले. त्यांचा स्वभावच समजूत घालण्याचा आहे. पण जिचा सगळा डोलारा शांततेवर उभा आहे त्या कवायतीत आवाज येत असेल, तर बाकीचे चार मुद्दे घेऊन करायचं काय?

मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत विशेष शिक्षिका आहे. वर्गात सात मुलं, सहा ते आठ वयाची, सगळी ऑटिस्टिक. सोबत तीन सहाय्यक. त्यांना इथे 'पॅरा' म्हणतात आणि त्यांच्या पगाराबद्दल न बोललेलं बरं. आम्ही दिवसभर चित्रं रंगवत बसतो अशी बाहेरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात निम्मी मुलं अजून डायपरमध्ये आहेत, एकाला फिट येते, दोघांना दार उघडं दिसलं की पळत सुटायचं असतं. आणि कुठलाही बदल असला तरी तो आधी चित्र दाखवून सांगावा लागतो. न सांगता काही बदललं की ती सकाळ गेली.

अशा वर्गाला महिन्यातून एकदा सुरक्षा ड्रिल करायची असते. न्यू जर्सीत 2010 पासून तसा कायदाच आहे: दर महिन्याला एक आगीची ड्रिल, एक सुरक्षेची. सुरक्षेच्या ड्रिलमध्ये कधी बॉम्बची धमकी असते, कधी लॉकडाऊन, म्हणजे बंदूकधारी इमारतीत शिरला आहे असं धरून खोलीत दडून राहणं.

आगीच्या ड्रिलबद्दल कुणी वाद घालत नाही. 1958 साली शिकागोतल्या एका कॅथलिक शाळेच्या आगीत 92 मुलं आणि 3 नन गेल्या. तिथून पुढे शाळांमधले आगीचे नियम कडक होत गेले, आणि आज ती ड्रिल कुणाला खटकत नाही. माझी मुलंही ती छान करतात. भोंगा कर्कश असतो, पण कानांवर हेडफोन चढवले, दोरीच्या कड्या हातात दिल्या की रांगेने बाहेर. वाटेत कुणी किंचाळलं तरी बिघडत नाही. आगीला ऐकू येत नाही. लॉकडाऊनमध्ये मात्र समोरचा माणूस ऐकणारा असतो, आणि तिथे माझा वर्ग अडतो.

बाकीचं सगळं आम्ही इतर वर्गांपेक्षा बरं करतो, हे मी अभिमानाने सांगते. 2012 मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत गोळीबार झाला तेव्हा तिथे वर्गांच्या दारांना कुलूप घालायचं तर बाहेर व्हरांड्यात येऊन किल्ली फिरवावी लागत होती. त्या दिवशी 20 मुलं आणि 6 मोठी माणसं गेली. पुढे नेमलेल्या आयोगाने कुलूपबंद दारावर जो भर दिला, तो मला आजही या सगळ्या वादातला सर्वांत शहाणपणाचा मुद्दा वाटतो. आमचं दार कायम कुलपाच्याच स्थितीत असतं, फक्त चौकटीच्या खाचेवर चुंबकाची पट्टी लावलेली असते. पट्टी ओढली, दार लोटलं, काम झालं. किल्ली शोधायला नको, बाहेर डोकवायला नको. काचेवरच्या पडद्याची वेल्क्रो सोडायला एक हात पुरतो. कपाटात बादली, झाकण आणि मांजरांसाठी मिळते ती माती असते, कारण खरोखर अडकलो तर तासन्‌तास जाऊ शकतात. टेक्ससमधल्या युवाल्डीत 2022 मध्ये शाळेत बंदूकधारी शिरला तेव्हा पोलिसांना वर्गात शिरायला 77 मिनिटं लागली. आमच्याकडे त्यात डायपरची भर.

मुलांसाठी मी फोटोंचं एक पुस्तक केलं आहे. आमचीच खोली, आमचाच कोपरा, आमचीच चटई. 'दिवे बंद. आपण बसतो. आपण थांबतो. मग दिवे लागतात.' गोष्टीत वाईट माणूस नाही. 2022 पासून राज्याचा कायदाही तेच सांगतो: ड्रिल वयाला झेपेल अशी हवी, ही ड्रिल आहे आणि धोका नाही हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, मुलांना जखमींची सोंगं घ्यायला लावायची नाहीत, पालकांना त्याच दिवशी लेखी कळवायचं. हे लिहून ठेवावं लागलं, कारण इतरत्र काय काय झालं ते आम्ही वाचत होतो. इंडियानातल्या एका शाळेत 2019 मध्ये प्रशिक्षणाच्या नावाखाली शिक्षकांना गुडघ्यांवर बसवून छर्ऱ्यांच्या बंदुकीने मारलं होतं, वळ उठेपर्यंत. पुढच्याच वर्षी देशातल्या दोन्ही मोठ्या शिक्षक संघटनांनी न सांगता घेतल्या जाणाऱ्या ड्रिल बंद करा अशी मागणी केली. आमचा कायदा चांगला आहे. अपंग मुलांनाही ड्रिलमध्ये सामावून घेतलं पाहिजे असंही त्यात आहे. कसं, ते मात्र आमच्यावर सोडलं आहे.

आता तो आवाज. त्या मुलाला मी इथे बाळू म्हणते, खरं नाव वेगळं आहे. तो सात वर्षांचा आहे आणि तोंडाने बोलत नाही. त्याच्याजवळ बोलका टॅब्लेट आहे. पडद्यावर चित्रांचे चौकोन: पाणी, हवं, नको, मदत, झालं. चौकोन दाबला की टॅब्लेट इंग्रजीत तो शब्द मोठ्याने म्हणतो. 'हवं' दाबायला शिकायला बाळूला वर्ष लागलं, आणि 'झालं' मात्र तो आपणहून शिकला. आवडत नसलेली प्रत्येक गोष्ट तो 'ऑल डन' दाबून संपवतो. त्या ड्रिलमध्येही त्याने तेच केलं. अंधार, सगळे चिडीचूप, आणि टॅब्लेटमधली ती खणखणीत आवाजाची बाई ऑल डन, ऑल डन म्हणत राहिली.

अधिकाऱ्याने सुचवलं की तेवढ्या वेळापुरता टॅब्लेट काढून घ्या. माणूस सज्जन आहे, मुलांना स्टिकर वाटतो. पण आमच्या कामात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात: मुलाचं बोलण्याचं साधन काढून घ्यायचं नाही. शिक्षा म्हणून नाही, सोय म्हणून नाही, जेवताना सांडेल म्हणूनही नाही. मी हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय होतं ते मला पुढच्या बैठकीत कळलं: 'शिक्षिका सहमत नाही.'

मग जानेवारीतली ती सकाळ उजाडली. भिंतीवरचे निळे दिवे लुकलुकायला लागले आणि ध्वनिक्षेपकावरून ध्वनिमुद्रित आवाज आला, लॉकडाऊन. ड्रिलच्या दिवशी त्यापुढे 'ही ड्रिल आहे' असं प्रिन्सिपल स्वतः सांगतात. त्या दिवशी ते वाक्य आलं नाही. आमच्या राज्यात 2019 च्या कायद्याने शाळांमध्ये धोक्याची मूक कळ आली. एका मुलीच्या नावाचा तो कायदा आहे. ती आधी न्यू जर्सीत राहायची आणि फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारात 2018 मध्ये मारल्या गेलेल्या 17 जणांत होती. कळ दाबली की खबर थेट पोलिसांकडे जाते. कार्यालयातल्या कुणाच्या तरी हाताने ती चुकून दाबली गेली होती. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा फक्त दिवे आणि तो आवाज.

पट्टी, दार, पडदा, दिवे. सात मुलं कोपऱ्यात. पळणाऱ्या दोघांना मांडीवर जड उशा. तोंडात चघळायला रबरी नळ्या. इतर वर्गांत लॉलीपॉप देतात, आमच्याकडे ते घशात अडकण्याची भीती. चिप्स कुरकुरतात म्हणून त्याही बाद. आणि बाळूने 'ऑल डन' दाबलं.

त्याच्याजवळ बसलेल्या पॅराने आवाज शून्यावर नेला. ड्रिल नसल्यावर कुणीही नेईल. बाळूने दाबलं. शब्द आला नाही. त्याने टॅब्लेट उलटा केला, जाळीजवळ बोट नेलं, परत दाबलं. आणि मग त्याने स्वतःच्या घशातून आवाज काढला, टॅब्लेटच्या कितीतरी पट मोठा. पॅराने लगेच आवाज एका रेघेवर आणला आणि स्वतः त्याच्या टॅब्लेटवर 'थांब' दाबलं. तो ऑल डन, ती वेट, तो ऑल डन, ती वेट. पोलिसांनी बाहेरून किल्लीने दार उघडेपर्यंत, म्हणजे जेमतेम वीस मिनिटं, त्या दोघांचं असं कुजबुजतं भांडण चालू होतं. प्रशिक्षणात हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तिला तासावर पगार आहे आणि पदवी नाही, आणि त्या खोलीत त्या दिवशी सर्वांत हुशार माणूस तीच होती. अहवालात तिचा उल्लेख नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शेजारच्या वर्गाची शिक्षिका माझ्याकडे आली. आमची भिंत एक. तिच्याकडे पहिलीची एकवीस मुलं. "तुझ्यावर राग नाही," असं म्हणून तिने सुरुवात केली, म्हणजे पुढे काय येणार ते कळलंच. तिच्या वर्गातल्या एका मुलीने अंधारात तिच्या कानात विचारलं होतं, "तो रडतोय तो मुलगा त्यांना सांगेल का, आपण इथे आहोत ते?" ती मुलगी त्या रात्री झोपली नाही म्हणे. मग त्या शिक्षिकेने विचारलं, "तुमचा वर्ग दुसऱ्या टोकाला हलवता येईल का?"

मी काय उत्तर दिलं ते महत्त्वाचं नाही, काहीतरी गुळमुळीत बोलले. पण तिचा प्रश्न मला अजून सोडत नाही, कारण तो दुष्ट नव्हता. याच बाईने बाळूला आपल्या वर्गाच्या सहलीत नेलं होतं, आपण होऊन. आणि दुसऱ्या टोकालाही कुणाचा तरी वर्ग आहेच. एखाद्या खोलीतून आवाज येणार असेल तर तो कुणाच्या भिंतीला लागून असावा, हे ठरवायला इथे समिती बसू शकते. आपण तिथपर्यंत आलो आहोत.

सँडी हूकच्या त्या 20 मुलांतही ऑटिस्टिक मुलं होती. त्यांतल्या एकाला कवेत घेतलेल्या स्थितीत त्याची सहाय्यक अ‍ॅन मरी मर्फी सापडली. तिला मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचं पदक मिळालं. आमच्या पेशात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि प्रशिक्षणात ती सांगताना डोळे पुसले जातात. मला त्या रडण्याचा आता थोडा राग येतो. पॅराकडून कवेत घेऊन मरण्याची अपेक्षा ठेवायची, आणि सुरक्षेच्या बैठकीला मात्र तिला बोलवायचं नाही!

बाळूची आई नाशिकची. बैठकीत आम्ही दोघी इंग्रजीत बोलतो. तिथे मी 'मिस' असते. त्या लॉकडाऊननंतरच्या बैठकीत ड्रिलच्या दिवशी त्याला घरी ठेवण्याचा पर्याय कुणीतरी मांडला. ती शांतपणे म्हणाली, "आणि खरं होईल त्या दिवसाची चिठ्ठी आधी येणार आहे का?" त्यावर कुणी काही बोललं नाही. नंतर पार्किंगमध्ये ती गाडीला टेकून उभी होती.

"ताई, खरं सांगा. खरंच काही झालं आणि हा ओरडायला लागला, तर काय करणार तुम्ही?"

मी तिला टॅब्लेटचं सांगितलं, एका रेघेवरचा आवाज, 'थांब'.

"तेवढ्यानं नाही भागलं तर? बाकीची पोरंही कुणाचीतरी आहेत, कळतं मला. पण कुणी याचं तोंड दाबून धरलं तर याला श्वास नीट घेता येत नाही, नाक कायम चोंदलेलं. तेवढं कागदावर लिहून घ्या."

ते मी लिहून घेतलं. त्याच्या आयईपीला, म्हणजे फक्त त्याच्यासाठी आखलेल्या शिक्षणाच्या आराखड्याला, जोडलेल्या आपत्कालीन योजनेत आता ते वाक्य आहे: तोंडावर हात ठेवायचा नाही. शाळांचा कारभार पाहणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या वकिलाने 'शक्यतो' हा शब्द घालायला सांगितला. मी घातला नाही, आईनेही सही करायला नकार दिला, आणि वाक्य तसंच राहिलं.

बाकीची योजना अशी. आमच्या खोलीला स्वतःचं स्वच्छतागृह आहे, विटांच्या भिंतींचं, शेजारच्या वर्गापासून लांबच्या बाजूला. लॉकडाऊन लागला की बाळू आणि त्याची पॅरा तिथे जातील, टॅब्लेटसकट. म्हणजे मध्ये कुलूप लागणारं आणखी एक दार आलं. आता रोज जेवणाआधी दोन मिनिटं ते दोघं तिथे बसतात, दिवा बंद करून. आधी तो दाराला लाथा मारायचा. हल्ली चटई स्वतः उचलून नेतो. पण त्या फरशीवर आवाज घुमतो. म्हणून मी आवाज शोषणारी फळकुटं, दाराखाली रबरी पट्टी आणि एक जाड गालिचा मागितला आहे. खर्च काहीशे डॉलर. फळकुटं पेट घेणारी नकोत, अग्निशामक दलाची परवानगी लागेल असं कळवलं, ते रास्तच आहे. बाकीचं पुढच्या अर्थसंकल्पात बघू म्हणाले. त्याच आठवड्यात मुख्य दारावर चेहरा स्पष्ट टिपणारे नवे कॅमेरे बसले. कॅमेरे पालकसभेत दाखवता येतात. गालिचा काय दाखवणार?

फेब्रुवारीत मी तो अर्ज पुन्हा दिला, या वेळी शेजारच्या वर्गाच्या शिक्षिकेला सोबत घेऊन. सही करण्याआधी तिने त्यात आणखी एक ओळ घातली: सामाईक भिंतीच्या दोन्ही बाजूंनाही तीच फळकुटं लावा. ती ओळ मला सुचायला हवी होती असं नाही, तिच्याच खोलीची आहे. खर्च मात्र तिप्पट झाला, आणि त्यावर डिस्ट्रिक्टकडून तीन कंत्राटदारांची दरपत्रकं मागवा असं उत्तर आलं. दोन आली आहेत.