किती खर्च आला?

लग्नात, लिफ्टमध्ये, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे मी आ वासून बसलेली असताना, प्रश्न तोच. "चीनच्या खेड्यांत एकटी फिरून आलीस ना, भर पावसात? किती खर्च आला?" बाकीचं राहू दे, आधी आकडा.

घ्या. 2018चा जून, 19 दिवस, ग्वेइचौ प्रांत, 31,400 रुपये. विमान आणि व्हिसा वेगळा. युआन तेव्हा साधारण दहा रुपयांना पडायचा.

हा आकडा मी दोन-तीन वर्षं मिरवला. हिशेबाची वहीच काढून दाखवायचे. पन्नास युआनची खोली, आठ युआनच्या नूडल्स. पावसाळाच का, असं कुणी विचारलं तर सांगायचे की तेव्हा डोंगरउतारावरची भातखाचरं पाण्याने भरलेली असतात, आभाळ त्यांत उतरतं वगैरे. ते खोटं नाही. पण खरं कारण, पावसात गिऱ्हाईक नसतं आणि खोलीचा भाव पाडता येतो.

ग्वेइचौबद्दल चिनी लोकांचीच म्हण आहे: तीन दिवस सलग ऊन नाही, तीन ली सलग सपाटी नाही, माणसाच्या खिशात तीन नाणी नाहीत. ली म्हणजे अर्धा किलोमीटर. पहिल्या दोन गोष्टींचा अनुभव मी घेतला. तिसरी आता जुनी झाली. 2014च्या डिसेंबरपासून ग्वेइयांग ते ग्वांगचौ वेगवान रेल्वे याच डोंगरांतून धावते, बोगद्यामागून बोगदा. पण स्टेशनाबाहेर पडून आतल्या गावांत जायचं तर 'म्येनपाओछे'. शब्दशः पावाची गाडी, कारण व्हॅनचा आकार पावाच्या लादीसारखा. आपलं वडापच ते. भरली की निघणार.

खाण्याचं विचारू नका, मजेत होते. इथल्या डोंग जमातीच्या लोकांच्या घरी चिकट भाताचा गोळा हातानेच खातात, त्यामुळे काड्यांशी झटापट टळली.

आता जे कुणी विचारत नाही ते.

च्याबांग गावची खाचरं बघून मला संध्याकाळी त्सोंगच्यांगला, म्हणजे स्टेशनाच्या गावी, परतायचं होतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळची ग्वांगचौची गाडी होती. तिकीट काढलेलं. दुपारपासून पाऊस थांबला नव्हता. वडापवाल्याने फोनवर काहीतरी बोलून माझ्यासमोर धरलं. भाषांतर आलं: 'रस्ता मऊ आहे. सकाळी.' मला हसू आलं. मऊ म्हणे! सोबत एक आजी होती, टोपलीत बदकाची पिल्लं घेऊन. ती काही न बोलता खाली उतरली आणि परत गावात गेली. मी तिकीट दाखवलं, पुन्हा दाखवलं. शेवटी एकटीसाठी पूर्ण गाडी, दोनशे युआन. मी दीडशेवर आणलं. राहायचं तर आणखी एक रात्र, म्हणजे आणखी पन्नास युआन, हेही डोक्यात होतंच.

दीड तासाने त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि काच खाली करून नुसता ऐकत बसला. तेव्हा मला माळीण आठवलं. 30 जुलै 2014. पुण्यापासून काही तासांवरचं, दरडीखाली गाडलं गेलेलं गाव, आणि ते जागेवर नाही हे पहिल्यांदा कळलं एका एसटी ड्रायव्हरला. मी तेव्हा ऑफिसात बसून ती बातमी वाचली होती, हळहळले होते, माझ्यासारख्या चार जणींनी डबे उघडेपर्यंत.

पुढच्या वळणावर दगड घरंगळायला लागले. त्याने अंधारात गाडी मागे घेतली आणि मागचं चाक गटारात गेलं. जॅक लावून, चाकाखाली दगड सारून गाडी काढताना त्याचं बोट सापडलं. टॉर्च माझ्या हातात होता, म्हणून मी ते नीट पाहिलं: नख मुळापासून उचकटून एका कडेने लोंबत होतं. त्याने ते तोडून टाकलं, बोटाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि पुन्हा वाकला. उघड्यावर सपाट जागा मिळेपर्यंत गाडी मागे नेली, मग आम्ही उजाडेपर्यंत बसून राहिलो. पहाटे त्याने भाताचा गोळा अर्धा करून दिला. डाव्या हाताने.

सकाळी लोडर आला, रस्ता मोकळा झाला. त्सोंगच्यांगला पोहोचलो तोवर माझी रेल्वे सुटली होती. उतरताना त्याने फोनवर आकडा दाखवला: 300. मी माझ्या फोनवर दाखवला: 150. विचार करून नाही, 19 दिवसांची सवय. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, नोटा घेतल्या आणि गेला. मागचा बंपर तारेने बांधलेला होता.

स्टेशनावर खिडकीतल्या बाईने सुटलेल्या गाडीचं तिकीट त्याच दिवशीच्या दुपारच्या गाडीला बदलून दिलं. तसं करता येतं. आदल्या दिवशी मला माहीत नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

वहीतली ती, म्हणजे तेव्हाची मी, म्हणते, ठरलं ते ठरलं. परदेशी दिसलं की सगळेच दुप्पट सांगतात, तू मऊ पडलीस तर पुढच्याला त्रास. तिचं चूक नाही. तिने त्या प्रवासात खरंच दहा ठिकाणी दुप्पट भाव ऐकले होते. मी म्हणते, बाई गं, तो रात्रभर तुझ्यामुळे तिथे होता. ती म्हणते, मी जबरदस्ती केली नव्हती, नाही म्हणायचं होतं त्याने. मी म्हणते, 'सकाळी' म्हणाला होता की. यावर ती वहीतला दुसरा कुठलातरी भाव काढून दाखवते.

आणि एक सांगायचं राहिलं. ते तीनशे कशाचे होते, रात्रीचे, बोटाचे, बंपरचे, की नुसती घासाघीस सुरू करायला सांगितलेले, हे मला माहीत नाही. त्याने भाषांतर लावलंच नव्हतं. फोनवर फक्त आकडा होता.