बेक्वे बेटावरचं पोर्ट एलिझाबेथ: होड्या बांधणाऱ्यांच्या गावात

कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट या बेटाला जाणारे बरेच जण शेजारचं बेक्वे बेट एका दिवसात उरकतात. सकाळच्या फेरीबोटीने जायचं, समुद्रात डुंबायचं, जेवायचं आणि संध्याकाळी राजधानी किंग्सटाउनला परत. तसं करू नका. निदान दोन रात्री राहा. इथला समुद्र सुंदर आहेच, पण पोर्ट एलिझाबेथ हे इथलं मुख्य गाव होड्या बांधणाऱ्यांचं आणि दर्यावर्दींचं आहे, आणि ते कळायला किनाऱ्यावरची खुर्ची सोडून गावात हिंडावं लागतं.

आधी पोहोचायचं कसं ते सांगतो. भारतातून थेट विमान नाही. लंडन, टोरांटो किंवा मायामीमार्गे सेंट व्हिन्सेंटच्या आर्गाइल विमानतळावर उतरायचं. हा विमानतळ २०१७ साली सुरू झाला. आम्हाला भारतीय पासपोर्टवर इथला व्हिसा आधी काढावा लागला नाही, पण तिकीट काढण्यापूर्वी ताजा नियम बघाच. खरी अडचण वाटेतल्या देशाची असते. अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो. आणखी एक गोष्ट बॅग भरतानाच लक्षात ठेवा: लष्करी छापाचे कपडे घालायला या देशात कायद्याने बंदी आहे. मुलांच्या टी-शर्ट आणि टोप्यासुद्धा तपासून घ्या.

किंग्सटाउनच्या धक्क्यावरून फेरीला साधारण तासभर लागतो. मधली खाडी चांगलीच उसळते, कारण अटलांटिकच्या लाटा पूर्वेकडून आडव्या येतात. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या आणि खालच्या डेकवर, मागच्या बाजूला बसा. जाताना वारा डावीकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या कठड्याशी उभे राहिलात तर भिजाल. आमच्या फेरीत सिमेंटच्या गोण्या, भाजीचे खोके आणि गॅसची सिलिंडरं होती. बेटावरच्या महागाईचं कारण तिथेच समजतं.

मग डावीकडे हॅमिल्टन किल्ल्याची टेकडी मागे पडते आणि ॲडमिरल्टी बे उघडतो. हलणारी बोट एकदम शांत होते. या उपसागराचं तोंड पश्चिमेला आहे, बाकी तिन्ही बाजूंना डोंगर, त्यामुळे वर्षभर पूर्वेकडून वाहणारे वारे आत पोहोचत नाहीत. जगभरची शिडाची जहाजं इथे नांगर टाकून असतात. गाव म्हणजे पाण्याकाठचा एक रस्ता, त्यावर चर्च, बँक, बाजार आणि बदामाची मोठी झाडं. ही आपल्याकडची शाळेच्या अंगणातली बदामाचीच झाडं. गावकरी त्यांच्या सावलीत गप्पा मारत बसतात. तिथे बसून वाट विचारा, माणसं आपणहून बोलतात. मात्र आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. इथे तो शिष्टाचार फार मानतात.

बेक्वे जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं, वस्ती पाच हजारांच्या आसपास. एवढ्याशा बेटाने होड्या किती बांधल्या! १९३९ साली इथल्या किनाऱ्यावर 'ग्लोरिया कोलिता' हे १६५ फुटांचं तीन डोलकाठ्यांचं लाकडी जहाज बांधलं गेलं. दुसऱ्याच वर्षी ते मेक्सिकोच्या आखातात भरकटलेलं सापडलं, आत कोणीही नव्हतं. बांधणारे आणि चालवणारे कप्तान रेजिनल्ड मिचेल परतले नाहीत. त्यांचा मुलगा जेम्स मिचेल पुढे देशाचा पंतप्रधान झाला. बेक्वेवरच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. आता मोठी जहाजं बांधली जात नाहीत, पण दोन्ही टोकं निमुळती असलेल्या 'डबल-एंडर' होड्या अजून वाळूवर ओढून ठेवलेल्या दिसतात, आणि इस्टरच्या शर्यतीत त्या शिडं लावून उतरतात. मुलं नारळाच्या सोडणाच्या छोट्या होड्या करून सोडतात. गावात लाकडी प्रतिकृती करणाऱ्यांच्या कार्यशाळा आहेत, तिथे तासभर तरी काढा. विकत घेतलं नाही तरी काम बघू देतात. मला हा बेटावरचा सगळ्यात मोलाचा तास वाटला.

डबल-एंडर होड्यांचा घाट देवमाशांच्या शिकारीतून आला. १८७०च्या दशकात अमेरिकी शिकारी जहाजांवर काम शिकून आलेल्या विल्यम वॉलेस यांनी ती इथे सुरू केली. हंपबॅक देवमासा, उघडी शिडाची होडी आणि हाताने फेकायचा हार्पून म्हणजे भाला, ही रीत अजून टिकून आहे. आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने पारंपरिक उपजीविकेसाठी वर्षाला चार देवमाशांची मर्यादा दिली आहे. काही वर्षी एकही मिळत नाही. मला ही शिकार थांबावी असं मनापासून वाटतं. पण दक्षिणेकडच्या पॅजेट फार्म या वस्तीतल्या मच्छीमारांशी बोलताना निवाडा घेऊन जाऊ नका. आधी ऐका. अथ्निएल ऑलिव्हिएर या नामांकित हार्पूनवाल्याबद्दल (ते २००० साली गेले) लोक किती आदराने बोलतात ते कळेल. ईशान्येला ऑर्टन किंग या मच्छीमाराने १९९५ साली सुरू केलेलं कासवांचं अभयारण्य आहे. पिल्लं टाक्यांमध्ये वाढवून समुद्रात सोडण्याच्या या पद्धतीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी त्यामागची तळमळ खरी आहे.

गावातून दक्षिणेला बेलमाँटची पायवाट पाण्याला अगदी चिकटून जाते. लाटा मोठ्या असल्या की ती भिजते, म्हणून पकड असलेली चप्पल घाला. पुढे टेकाड ओलांडलं की प्रिन्सेस मार्गारेट बीच, त्यापुढे लोअर बे. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं. फळ हिरव्या सफरचंदासारखं दिसतं, पण अतिशय विषारी, आणि चीक अंगावर पडला तर फोड येतात. पाऊस आला तरी त्याखाली उभे राहू नका, मुलांना फळ उचलू देऊ नका. लांब जायचं असेल तर मागे बाकं टाकलेल्या पिकअप टॅक्सी मिळतात, पाण्यातून वॉटर टॅक्सी. भाडं आधी ठरवा, आणि 'डॉलर' म्हणजे कुठला ते विचारा. इथला ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, ज्याला सगळे ईसी म्हणतात, अमेरिकी डॉलरला २.७० या दराने बांधलेला आहे. न विचारता पैसे दिले तर जवळजवळ तिप्पट जातील.

शाकाहाऱ्यांची सोय होते. बटाटा-चण्याची रोटी बहुतेक ठिकाणी मिळते. कॅरिबियनमध्ये ती आणली आपल्याकडून गेलेल्या मजुरांनी. सेंट व्हिन्सेंटला मद्रासहून त्यांचं पहिलं जहाज १ जून १८६१ रोजी लागलं. कॅललू हे पालेभाजीचं सूप मागवताना त्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस आहे का विचारा. निखाऱ्यावर अख्खा भाजलेला नीरफणस मात्र सोडू नका. कोकणात त्याची कापं खाल्लेल्यांना चव ओळखीची वाटेल. ब्रिटिश आरमाराच्या कॅप्टन ब्लायने १७९३ साली ताहितीहून ही रोपं किंग्सटाउनच्या बागेत आणली, गुलामांना स्वस्तात जेवू घालता यावं म्हणून. फेरीबोट सुटायला वेळ असेल तर ती बाग बघा.

बेटावर नदी नाही. घरोघरी छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतात, तेव्हा अंघोळ आटोपशीर करा. कोरडा हंगाम डिसेंबर ते मे. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वादळांचा धोका. १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळाने दक्षिणेचं युनियन बेट उद्ध्वस्त केलं, म्हणून पुढे तिकडे जायचं असल्यास राहण्याची सोय आधी पक्की करा. रविवारी आणि सुटीला फेऱ्या कमी असतात, आणि खाडी खवळली तर वेळा बदलतात. परतीचं विमान असेल त्याच्या आदल्या दिवशीच किंग्सटाउनला येऊन राहा.