डोमकळी ओळखा, बोंडं फोडून बघा

आमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आता फुलावर आली आहे. यंदा गुलाबी बोंडअळी हाताबाहेर जाते की आटोक्यात राहते, ते याच दिवसांत ठरतं. म्हणून पंप काढायच्या आधी वावरात एक सावकाश फेरी मारा.

फुलांमध्ये एखादं फूल उमलतच नाही. पाकळ्या टोकाशी चिकटलेल्या, पिळवटलेल्या असतात. हीच डोमकळी. अळी आत बसून पाकळ्या धाग्यानं शिवून घेते. ती तोडून हळूच सोला. आत बारीक पांढुरकी अळी सापडेल, डोकं काळपट. गुलाबी रंग मोठी झाल्यावर येतो, तेव्हा रंग नाही म्हणून तिला सोडू नका. दिसेल ती डोमकळी पिशवीत घ्या आणि नष्ट करा.

बोंडांचं काम जास्त अवघड. अळी शिरते ते छिद्र लगेच बुजतं आणि बोंड बाहेरून हिरवंगार, ठणठणीत दिसतं. मी वावरात आडवातिडवा फिरून वीस हिरवी बोंडं तोडतो आणि बांधावर बसून एकेक फोडतो. दोनात अळी निघाली तर फवारणीची वेळ झाली. सोबत एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारे सापळे, लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तरी तोच इशारा समजा.

आमचे काका दरवर्षी विचारतात, “बीटी हाय ना, मंग अळी कायले येते?” काका, 2002 मध्ये बीटी, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेलं बियाणं, आलं, 2006 मध्ये दोन जनुकांचं आलं, पण या अळीला आता दोन्ही पचतात. हिरव्या बोंडअळीवर ते अजून काम करतं, गुलाबीवर त्याचा भरवसा उरला नाही.

म्हणून चार औषधं एकत्र कालवून मारणं मला अजिबात मान्य नाही. बोंडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत ते पोचत नाही, मारणाऱ्याच्या नाकातोंडात मात्र जातं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क घ्या. पुढे लागलंच तर शिफारशीतलं एकच औषध, तोंड झाकून, वाऱ्याची दिशा बघून.

खरा तोडगा हंगामाच्या शेवटी असतो. पाणी आहे म्हणून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फरदड, म्हणजे वेचणी झालेली पऱ्हाटीच पुढच्या बहारासाठी उभी, ठेवली की अळीची एक पिढी आपण फुकट पोसतो. थंडीत ती वाळक्या बोंडांत, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत पडून राहते. डिसेंबर संपेपर्यंत पऱ्हाटी उपटा, उरलेल्या बोंडांवर शेळ्या-मेंढ्या सोडा. सरपणासाठी पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर लावायची आपली सवयही मोडायला हवी. पावसाआधी कोरड्या मातीतली धूळपेरणीही नको. पहिल्या पावसात निघालेल्या पतंगांना फुलं आणि पाती, म्हणजे फुलाच्या कळ्या, मिळाल्या नाहीत तर त्यांची पुढची पिढी उभीच राहत नाही.

ज्यांचं वावर जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याला, लागून आहे त्यांनी सापळे पाती लागायच्या आधीच लावावेत. साठवलेल्या सरकीतून पतंग निघतात, आणि सगळ्यात आधी ते तुमच्याच पऱ्हाटीवर येतात.