पूलसारमध्ये उंदीर शिरला

मंडळी, घरी केलेल्या पूलसारबद्दल (ही फ्रान्सच्या ज्युरा भागातली तांबडी वाइन) गेल्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, 'मॅलो (बॅक्टेरियांकडून मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होणं) आटोपलं, आता फक्त बाटल्या भरायच्या.' नाही भरत. ५४ लिटरच्या डेमिजॉनमध्ये, म्हणजे काचेच्या फुगीर बरणीत, उंदीर शिरलाय: खरा नव्हे, वाइन बिघडल्यावर येणारा उंदरासारखा वास.

नाकाला काही पत्ता लागत नाही, वाइनच्या आंबटपणात तो वास दबूनच राहतो. घोट गिळून दहा-पंधरा सेकंद झाली, लाळेने आंबटपणा मोडला, की घशातून वर येतो: उंदराचा पिंजरा, शिळे पॉपकॉर्न आणि, सांगायला जिवावर येतं, आंबेमोहोराचा भात. खरंच. या वासामागच्या तीन रेणूंपैकी एक, २-असेटिल-१-पायरोलीन, तोच आपल्या आंबेमोहोरातही दरवळतो. खात्रीसाठी बशीत थोडी वाइन घेऊन चिमूटभर खायचा सोडा टाकला. वाइन निळसर काळी पडली आणि उंदीर बशीबाहेर आला.

चूक माझीच. पूलसार कोंडून ठेवला की उकडलेल्या अंड्याचा वास धरतो, म्हणून फेब्रुवारीत सायफनची नळी उंच धरून, चांगली खळखळवत वाइन उपसली. अंडं गेलं, उंदीर आला. सल्फर (वाइन टिकवणारं सल्फर डायऑक्साइड) शून्य, पीएच ३.७८, म्हणजे आंबटपणा कमी, आणि वर ही हवा. लॅक्टिक बॅक्टेरियांना आणखी काय हवं! पाश्चर फ्रान्समधल्या ज्या आर्ब्वात वाढला, ज्याने १८६६ मध्ये वाइनच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्याच्याच गावात माझी ही शोभा. त्यात आधीचा स्वस्तातला पीएच मीटर ३.५ दाखवत होता. बाटल्या जुन्या धुऊन वापरा, मीटरमध्ये मात्र कंजुषी नको.

बेत असा होता: निम्म्या वाइनला लिटरमागे २० मिलिग्रॅम सल्फर द्यायचं, निम्मी तशीच ठेवायची. आलेला वास सल्फरने जात नाही, पुढची वाढ तेवढी रोखता येते. 'वँ मेतोद नात्यूर'वाल्यांची, म्हणजे फ्रान्सच्या नैसर्गिक वाइनच्या प्रमाणपत्रवाल्यांची, मर्यादा ३० ची आहे, म्हणजे अगदीच धर्म बुडत नाही. पण हे लिहितानाच ट्यूब पेटली: निम्मी काढली की उरलेल्या निम्मीवर पुन्हा हवाच की! तर आता दहा लिटरच्या पाच डेमिजॉन, आधी कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या, गळ्यापर्यंत काठोकाठ. दोघींना मिळून ०.७ ग्रॅम मेटाबायसल्फाइट (सल्फर सोडणारी पूड), तिघींना काही नाही. गाळाचेही सारखे वाटे करायचे; शेजारचे द्राक्षवाले आजोबा म्हणतात, गाळावर पडू दे, हात लावू नकोस, वर्षभरात उंदीर आपोआप जातो. कधी कधी जातो, हे मीही चाखलंय.

एक सुख मात्र आहे. छोट्या पिंपातल्या सावान्यांवर, म्हणजे इथल्या पांढऱ्या वाइनवर, साय धरलीय! करडी, सुरकुतलेली, काठापासून काठापर्यंत. मुद्दाम न भरलेल्या रिकाम्या जागेत हवेवर जगणारं यीस्ट. म्हणजे जी हवा पूलसारला बाधली ती इथे पथ्यावर पडली. अशा सायीखाली मुरणाऱ्या 'पिवळ्या वाइन'ला, व्हँ जोनला, सहा वर्षं तीन महिने लागतात, पण आजोबांनी ६२ सेंटिलिटरची रिकामी क्लाव्हलँ, व्हँ जोनची खास बाटली, आत्ताच हातात ठेवलीय.

पाचही डेमिजॉनची पुढची चव मे महिन्यात. बायकोला हा उंदीर लागतच नाही, सोड्याच्या बशीवाली बाटली तिनेच संपवली.